आत्याच्या चिंध्या

आमच्या आत्याइतकं कमी कचरा करणारं आणि जास्त डोकं खाणारं माणूस अख्ख्या अंबरनाथमध्ये दुसरं सापडणार नाही. उभा जन्म समाजसेविका म्हणून राबली, निवृत्त झाली, आणि मग खरी कामाला लागली. कुणाच्याही लग्नात ती वाढप्याच्या मागे फिरून उरलेला भात कुठे जाणार याची चौकशी करते. माझ्या साखरपुड्यात होणारे सासरे 'जय भीम' म्हणायला हात जोडून उभे, तर हिचा पहिला प्रश्न, "तुमच्याकडे ओला-सुका वेगळा करतात ना?" कुठल्याही पाड्यावर घरोघरी बसून चहा झाल्याशिवाय ती काम सुरू करत नसे. "चुलीपाशी बसल्याशिवाय घरात काय नाही ते कळत नाही," म्हणायची.

असाच वर्षभर चहा पिऊन तिने बारवी धरणाकडच्या एका आदिवासी पाड्यावर बायकांचा शिवणगट उभा केला. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात कापून उरलेल्या चिंध्यांच्या गोणी घेऊन ती शेअर रिक्षात बसायची आणि शेजारच्याला पर्यावरण समजावायची. त्या चिंध्यांच्या पिशव्या होत, विकल्या जात. दर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी ती घरं तीन वर्षं जागेवर राहिली, पोरं शाळेत टिकली. आम्ही तिला हसत होतो, पण हे सगळं खरं होतं.

मग चिंध्याच बंद झाल्या. कारखानदार म्हणाला, "मॅडम, बॉयलरवाला पूरा माल एकसाथ उठाता है, जलाने को. तुमच्या दोन गोणीसाठी मी कुठे थांबू?" गटातली सखू म्हणाली, "बाई, नवा कापड आणू नं. शिवाया तं येतंय आमाला." आत्या हटून बसली. नवंच कापड कापायचं तर कारखान्यात आणि आपल्यात फरक काय, म्हणे. मी समजावलं, चिडलो, शेवटी बोलणं टाकलं. त्या बायकांचं पोट काही तिच्या तत्त्वासाठी थांबणार नव्हतं.

दिवाळीनंतर आठवड्याने तिचा फोन आला, "चल जरा माझ्याबरोबर." गेलो तर दारात नव्या कापडाचा तागा घेऊन उभी. पाड्यावर पोचलो, तर घरांना बाहेरून कड्या. भट्टीचा टेम्पो कालच येऊन गेला, पोरंबाळंही गेली, असं मागे राहिलेल्या एका म्हातारीने सांगितलं.

आत्या सखूच्या ओट्यावर टेकली. मला तिच्यावर ओरडायचं होतं, पण मी तिच्या हातातला तागा घेऊन बाजूला ठेवला. तिने विचारलं, "पावसाच्या तोंडावर परततील ना रे?"

"परततील," मी म्हणालो आणि कधी नव्हे तो तिचा हात हातात घेतला. पोरांच्या शाळेचा विषय दोघांनीही काढला नाही.