उपवासाला न चालणारा प्रसाद

मी मुळातच संशयी आहे. स्वारगेटला रिक्षात बसले तरी मीटर शून्यावर आहे ना ते आधी वाकून बघते. देवाच्या बाबतीतही तेच. वडिलांनी मार्केट यार्डात हमाली केली, मी घरातली पहिली पदवीधर, पुढे वैमानिक झाले, आणि हे सगळं मेहनतीनं झालं, कृपेनं नाही, असं मी छाती काढून सांगत आले. ‘अनुभव आला’ म्हणणाऱ्यांची तर मी मनातल्या मनात उलटतपासणी घेते. त्यामुळे आज हे लिहिताना माझा माझ्यावरच पुरता भरवसा नाही.

एका उद्योजकाच्या छोट्या जेट विमानावर मी सहवैमानिक आहे. त्या वेळी नोकरी कच्ची होती. पक्की होणार की नाही, हे आमच्या कॅप्टनच्या शब्दावर होतं. कॅप्टन सदाशिव पेठेतले, बोलणं कमी आणि तेही तिरकस. एकदा त्यांनी एक बटण मुद्दाम बंद ठेवून मला ते सापडतंय का हे पाहिलं होतं. तेव्हापासून मला वाटे, हा माणूस माझी चूक कधी होते याचीच वाट बघतोय.

तो श्रावणी सोमवार होता. उपवास मी आईसाठी धरते. नाही धरला तर ती भांडत नाही, नुसती गप्प बसते, आणि ते जास्त जड जातं. शेठजी सहकुटुंब बालाजीचं दर्शन घेऊन पुण्याला परतत होते. पुण्यावर ढगांचा जाड थर होता. अशा वेळी बाहेरचं काही दिसत नाही, फक्त यंत्रांवर विसंबून खाली यायचं. ठरलेल्या उंचीवर धावपट्टी दिसली तर उतरायचं, नाहीतर पुन्हा वर जायचं. आता, विमानाला उंची कळते ती हवेच्या दाबावरून. वर असताना सगळेच एक ठरावीक दाब लावतात. खाली येताना मात्र त्या विमानतळाचा त्या वेळचा दाब लावावा लागतो. तो राहिला तर आकडा एक दाखवतो आणि जमीन दुसरीकडेच असते.

पुण्याचा दाब आम्हाला सांगितला गेला, मी तो मोठ्यानं परतही म्हटला. हात बटणाकडे निघाला आणि नेमकं मागचं दार उघडलं. शेठजींच्या पत्नी लाडू घेऊन उभ्या.

“घ्या हो, देवाचा प्रसाद आहे. तुमच्यामुळे दर्शन झालं.”

प्रसादाला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. दोघांचेही उजवे हात बटणं सोडून मागे वळले. कॅप्टननी लाडू कपाळाला लावून तोंडात टाकला. मी म्हटलं, “वहिनी, माझा सोमवार आहे. बेसनाचा चालायचा नाही. संध्याकाळी सोडताना घेईन.”

“आमच्या बाई साबुदाण्यावर उडतात,” कॅप्टन म्हणाले. वहिनी हसत जागेवर गेल्या. मग आम्ही आपापले उंचीचे आकडे ताडून पाहिले. दोन्ही जुळले. जुळणारच, दोघांचेही जुन्याच दाबावर होते.

विमान ढगात शिरलं आणि माझ्या हातात तो लाडू. खिशात चुरा होईल, मांडीवर घरंगळेल, पायाशी ठेवायचा नाही. राहिली समोरची उंच कड. तिथं ठेवायला हात लांब केला आणि नजर मधल्या लहान उंचीमापकावर पडली. तो अडीअडचणीसाठी असतो, एरवी त्याच्याकडे कोण बघतं? त्यावर निघताना लावलेला तिथल्या विमानतळाचा दाब तसाच होता, पुण्याच्या दाबाच्या जवळपासचा, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की तो आमच्या दोघांपेक्षा बराच कमी उंची दाखवत होता.

पहिला संशय त्या यंत्रावर: बिघडलं असेल. दुसरा कॅप्टनवर: पुन्हा परीक्षा घेतायत. तिसरा माझ्यावर: उगाच ओरडले आणि खोटी ठरले, तर मागे शेठजी बसलेत, नोकरी गेलीच. दाबाचा आकडा वाचायलाही मी थांबले नाही. कॉकपिटात आम्ही इंग्रजीतच बोलतो, पण तोंडून निघालं ते घरचं.

“अहो, वर घ्या!”

आणि ज्या माणसावर मी इतके दिवस नजर ठेवून होते, त्यानं ‘का’ म्हणून विचारलं नाही. सरळ ताकद देऊन विमान वर उचललं. तेवढ्यात ढग जरासा फाटला. खाली पत्र्याची छपरं होती, आणि पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगडसुद्धा मला वेगवेगळे दिसले. आमचे आकडे सांगत होते तेवढ्या उंचीवरून दगड दिसायला नको होते.

योग्य दाब लावून आम्ही फेरी मारली आणि नीट उतरलो. धोक्याची सूचना देणारं यंत्र वेळेत ओरडलंच असतं, असं पुढे एकानं समजावलं. ओरडलं असतंही. ऑफिसात कॅप्टन काय सांगतात ते ऐकायला मी दाराशीच उभी राहिले. ते म्हणाले, “दाब लावायचा राहिला. विमान माझ्या हातात होतं, चूक माझी. हिनं वाचवलं.” बाहेर येऊन मला म्हणाले, “इतकी वर्षं उडतोय. कॉकपिटात ‘अहो’ आजच ऐकलं.”

संध्याकाळी धायरीच्या महादेवापुढे आईबरोबर बसले. एका देवाच्या प्रसादानं हात अडवला, दुसऱ्याच्या उपवासानं तो लाडू हातातच ठेवला. यात कोणी कोणाला सांभाळलं, ते मला उलगडत नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा उलटतपासणी घ्यावीशीही वाटली नाही. एवढं कळलं, की खात्री नसताना तोंड उघडणं ही माझ्यासारखीला जमणारी शरणागती आहे. संशय देवानंच दिला असेल, तर तो मोठ्यानं बोलून त्याच्याच हवाली करायचा.

आईनं लाडू फोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. “आता तरी बसला विश्वास?”

“बसला,” मी म्हटलं आणि उपवास सोडला.

अजूनही उतरताना दार उघडलं की मी मागे न बघता हात वर करते. येणारा थांबतो. आधी दाब लावते, मधला लहान आकडा बघते, आणि मग वळून दोन्ही हात पुढे करते.