ताई, त्याचं पुढे काय झालं?

मीटिंगमध्ये कुणी वरिष्ठ आला की आमच्याकडे नवा लागलेला मुलगा उठून उभा राहायचा. ऑफिसात नव्हे, कारण ऑफिसात आम्ही कधी एकत्र आलोच नाही. जर्मनीतल्या येना शहरात, त्याच्या एका खोलीच्या घरात, लॅपटॉपसमोर. कॅमेरा टेबलावर असल्यामुळे त्याचा चेहरा गायब व्हायचा आणि आम्हाला शर्टाची मधली तीन बटणं दिसायची. शर्ट मात्र रोज इस्त्रीचा. आमचा प्रकल्पप्रमुख हा हसणं शनिवार-रविवारसाठी राखून ठेवणारा जर्मन, पण तोही एकदा म्हणाला, "गुटन मॉर्गन, बटणांनो." त्यावर बटणं अदबीनं जराशी वाकली.

मी हॅम्बर्गला स्वयंपाकघरातल्या टेबलावरून काम करते. माझ्या मुलाला मराठी समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. शाळेला सुट्टी असली की तो माझ्या मागून स्क्रीनमध्ये डोकावायचा आणि "श्टेट एअर शोन वीडर?" असं विचारायचा, म्हणजे तो परत उभा राहिला का? शेवटी मीच त्या नव्या मुलाला सांगितलं, "अरे, इथे कुणी कुणासाठी उभं राहत नाही."

"माहितेय ताई. पण पाय आपोआप उठतात. लातूरला बाबाच माझे वर्गशिक्षक होते ना. वर्गात उभं राहायला उशीर झाला तर घरी गेल्यावर परत बोलणी."

येनाच्या विद्यापीठातून नुकताच एम.एस. होऊन तो आमच्याकडे लागला होता. आम्ही सल्लागार. कारखान्यांनी काम कसं करावं हे कारखान्यांना सांगतो, आणि ते आम्ही आता बहुतेक वेळा घरी बसून सांगतो. त्याला तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी नवी होते तेव्हा माझा साहेब मला पहिल्याच आठवड्यात एका कारखान्यात घेऊन गेला होता. जड बूट घालायला लावले, दिवसभर फिरवलं आणि दुपारी कामगारांच्या कँटीनमध्ये बटाट्याचं सार खायला बसवलं. पायाला फोड आले म्हणून मी घरी येऊन रडले होते. त्या फोडांवर माझी पुढची वीस वर्षं चालली आहेत, हे मला फार उशिरा कळलं. या मुलाला कुरियरनं एक खोकं आलं. त्यात लॅपटॉप, हेडफोन आणि कंपनीचं नाव छापलेला कप होता.

काम मात्र तो मन लावून करायचा. सोमवारी आकडे दिले की बुधवारी स्लाइड तयार. मी ती तपासायची, वर पाठवायची, आणि वरून ती ग्राहकाकडे जायची. तिथून पुढे काय होतं ते आमच्यापर्यंत क्वचितच येतं. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्याला वाटायचं. आठवड्याच्या बोलण्याच्या शेवटी, मी आता बंद करते म्हणेपर्यंत थांबून, तो हमखास विचारायचा, "ताई, त्याचं पुढे काय झालं?"

"कशाचं?"

"त्या वेळापत्रकाचं. मागच्या महिन्यातल्या."

"अरे, ते दिलं ना आपण त्यांना."

"हो, पण मग त्यांनी काय केलं?"

मला खरंच ठाऊक नसायचं. मी "बघते" म्हणायची आणि बघायची नाही. तुमच्या ऑफिसातही असं कुणी असेल, ज्याच्या साध्या प्रश्नानं आपल्याला उगाचच घाई असल्यासारखं होतं.

दर सहा महिन्यांनी आम्हाला एक प्रश्नावली येते. तुम्ही कामात किती समाधानी आहात, एक ते पाच. त्यानं मला फोन केला.

"ताई, कामात म्हणजे नेमकं कशात? माझं काम मी पाहिलेलंच नाही."

"तू चार टाक," मी म्हणाले. "पाच टाकलं तर खोटं वाटतं आणि तीन टाकलं तर वरून फोन येतो."

त्यानं चार टाकलं. वर्षभरात लागलेली सगळी नवी मुलं चारवर होती आणि आमच्या प्रमुखानं त्याबद्दल माझं अभिनंदन केलं. मी ते घेतलं, हेही सांगून टाकते.

त्या हिवाळ्यात त्यानं शुक्रवारची रजा मागितली. तेव्हा तो प्रोबेत्साइटमध्ये होता. सुरुवातीच्या त्या सहा महिन्यांत कंपनी माणसाला सहज काढू शकते आणि माणूसही सहज सोडून जाऊ शकतो. मला वाटलं, व्हिसाच्या कार्यालयात काहीतरी काम असेल. सोमवारी सकाळी प्रमुखाचा मला एकटीलाच फोन आला. आपला नवा मुलगा ग्राहकाच्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभा होता, कुणालाही न विचारता. हातात मिठाईचा डबा होता. ग्राहकाची तक्रार आली आहे.

मी त्याला फोन लावला तेव्हा रागावलेच होते. "तुला कळतं का काय केलंस? ग्राहकाकडे असं न सांगता जातात का?"

"सॉरी ताई. लातूरला दुकानाचं कपाट सुतारानं करून दिलं की महिन्यानं तो सहज चक्कर मारतो. दार नीट बसलंय का बघतो, चहा पितो. मला वाटलं, तसंच जाऊन यावं. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून बेसनाचे लाडू केले."

तीन गाड्या आणि एक बस बदलून तो हॅनोव्हरच्या पलीकडच्या त्या लहान गावात पोचला होता. त्या कारखान्यात सुट्या भागांची दोन स्टोअर्स होती. त्यातलं एक बंद करून तिथल्या अकरा जणांना साठ किलोमीटरवरच्या दुसऱ्या कारखान्यात सामावून घ्यावं, ही स्लाइड त्याची होती. फाटकावरून आत निरोप गेला आणि बंद झालेलं स्टोअर दाखवायला साठीची एक बाई आली. तिची सगळी नोकरी तिथेच गेलेली. पत्रा कुठे गळायचा आणि घाईच्या वेळी लागणारे भाग ती दाराजवळ कसे ठेवायची, हे तिनं त्याला रिकाम्या मांडण्यांमधून फिरून दाखवलं. अकरापैकी चार जण दुसरीकडे गेले होते, सहा जणांनी नोकरी सोडली होती. साठ किलोमीटर रोज जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. बाईसुद्धा महिनाअखेरीस जाणार होती.

"मग मी तिला सांगितलं, की हे मी सुचवलं होतं," तो म्हणाला.

"तू सांगितलंस?"

"लाडू खाताना सांगितलं. आधी सांगायला हवं होतं. तिनं हातातला लाडू संपवला. मग म्हणाली, बरं, निदान तुम्ही आलात तरी. तुमच्याकडचं इथे कुणीच आलं नव्हतं."

मी प्रमुखापुढे त्याच्यासाठी भांडले, हे मला सांगावंसं वाटतं कारण त्या सगळ्या प्रकरणात मी केलेलं एवढंच एक काम मला आठवून बरं वाटतं. प्रकरण ताकिदीवर मिटलं. नोकरी राहिली. मी आनंदानं त्याला कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा राजीनामा आला.

"अरे वेड्या, व्हिसा नोकरीवर आहे तुझा," मी म्हणाले. "दुसरी मिळाली नाही तर परत जावं लागेल. बाबांना काय सांगशील?"

"तेच कळत नाहीये. झोप लागत नाही ताई. पण पुढची स्लाइड उघडली की हात चालत नाही. कुठल्या गावची माणसं आहेत, असंच मनात येत राहतं."

मी बरंच काही बोलले. सगळीकडे असंच असतं, आपण फक्त सल्ला देतो, निर्णय त्यांचा असतो, वगैरे. वीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले आहे, त्यामुळे मला ते पाठच आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "रागावू नका. त्या स्लाइडवर खाली एक ओळ होती. निर्णयाआधी स्टोअरमधल्या लोकांशी प्रत्यक्ष बोलून घ्यावं. तुम्ही ती काढलीत."

मला आठवेना. "मी?"

"गर्दी होतेय म्हणालात. तेव्हा मी विचारायला हवं होतं. पण मला वाटलं, ताईंनी काढलीय म्हणजे बरोबरच असेल."

फोन ठेवल्यावर मी जुनी फाइल उघडून पाहिली. ओळ होती. तिच्यावर माझी लाल रेघ होती आणि शेजारी मी लिहिलं होतं, "जागा नाही." मला फार लाज वाटली. अजूनही वाटते. त्या मुलानं मला एका शब्दानं दोष दिला नाही, याचा तर जास्तच त्रास होतो.

पंधरा दिवसांनी तो गेला. येनातच काम शोधतोय, व्हिसाच्या कार्यालयानं काही महिने दिलेत, एवढं त्यानं एकदा कळवलं. मी दोन ठिकाणी त्याची शिफारस केली, पण जमलं नाही. नंतर त्याचा नंबर बंद लागू लागला.

त्याच्या जागी लाइपझिगहून एक मुलगी आली आहे. हुशार आहे, काहीही विचारत नाही. मागच्या आठवड्यात तिनं एका गोदामाची स्लाइड केली. तिच्यात खालच्या बाजूला मी स्वतः एक ओळ घातली, तिथल्या माणसांशी आधी बोलून घ्यावं म्हणून. अक्षर लहान केलं, म्हणजे जागा पुरेल. गुरुवारी स्लाइड वरून मंजूर होऊन परत आली. ओळ नव्हती. नंतर मीटिंग झाली, प्रमुख समोरच होता, आणि कुणाला काही विचारायचं आहे का, असं त्यानं नेहमीप्रमाणे विचारलं. मी म्हणाले, "नाही."