मोहाखालची राखण

माझा भाऊ तीस वर्षं नाशिककडे द्राक्षाच्या मळ्यात होता. शेवटी शेवटी त्याचं काम एवढंच, की आलेल्या पाहुण्यांना मळा दाखवायचा, नदी दाखवायची, तळघरातली पिंपं दाखवायची आणि पेल्यातल्या वाइनचा वास कसा घ्यायचा ते शिकवायचं. मी एकदा फोनवर म्हटलं, "आमच्या इकडं मोहाची पेणारे वास घेत नाई भाऊ, वास त्यांचाच येते." तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

मागच्या मार्चात तो माझ्याकडे चामोर्शीला आला आणि दाखवायचं काम माझ्याकडे आलं. त्याच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. मधलं दिसणं गेलं होतं, कडेकडेचं तेवढं उरलं होतं. माझं तोंड पाहायचं तर तो माझ्या खांद्यापलीकडे नजर लावायचा. उरलेलंही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आणखी एक सांगितलं होतं: नसलेली माणसं दिसतील, घाबरू नका. हे वेड नाही आणि भूतही नाही. डोळ्यांकडून येणं कमी झालं की डोकं आपल्या मनानं चित्रं भरतं.

"घरचे सगळे मन राखून बोलतात," भाऊ म्हणाला. "मी म्हणलं तिथी गाय आहे, तं म्हणतात हो, गाय आहे. तू तोंडाळ आहेस बाई, म्हणून तुयाकडे आलो. मी विचारलं का सांगायचं, आहे का नाई. जे खरं आहे तेवढं एकदा पाहून घेऊ दे मले."

तोंडाळ म्हटल्याचा राग आला, पण खोटं काय होतं त्यात? मी कबूल केलं.

दुपारी त्याला स्कूटीवर मागे बसवलं आणि मार्कंड्याला नेलं. शिवरात्रीची जत्रा होऊन गेलेली, देवळांच्या आवारात चिटपाखरू नव्हतं. खाली वैनगंगा अर्धी पाणी, अर्धी रेती. तो मान तिरकी करून करून पाहत होता आणि विचारत होता. डोंगा? आहे. डोंग्यात माणूस? आहे, बिडी ओढून राह्यला. भिंतीवर हत्ती? आहेत, एकाची सोंड तुटली आहे. एकेक 'आहे' ऐकून त्याचा चेहरा असा खुलायचा की मला भरून यायचं. मग तो भिंतीवरून हात फिरवायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "पाहाले आला का चाचपाले?"

तो हसला नाही. म्हणाला, "ह्या बाया काऊन अशा चूप उभ्या आहेत?"

"कुठी?"

"त्या कोपऱ्यात. सात-आठ आहेत. हिरवी लुगडी, डोक्यावर उंच काहीतरी. तोंडं नाई दिसत त्याहीची."

कोपऱ्यात उघडा दगड होता आणि त्यावर ऊन. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. "नाई भाऊ," मी म्हटलं. त्यानं मान डोलावली. निघताना मात्र तो त्या कोपऱ्याला वळसा घालून गेला, बायकांना धक्का लागू नये तसा. आणि खरं सांगते, मीही वळसा घालूनच गेले.

त्यानंतर पायरीवर एक पोर होतं, कळसावर छत्री घेतलेला म्हातारा होता, नदीत उभी माणसं होती. नाई, नाई, नाई. संध्याकाळपर्यंत मला 'नाई' म्हणायची सवय झाली. पहिल्यांदा वाटली तशी भीतीही उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आमच्या मोहाखाली जायचं होतं. वावर विकून जमाना झाला, पण जंगलाला लागून असलेल्या बांधावरचं ते झाड अजून आमचंच मानतात. लहानपणी आई वेचायची आणि भाऊ राखणीला उभा राहायचा. मोह वेचायला एकट्यानं जायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतं. म्हणून एकानं वेचायचं, दुसऱ्यानं उभं राहून चारी बाजूंना पाहायचं. राखणदार काहीही बोलला, तरी वेचणाऱ्यानं आधी सरळ उभं राहायचं, वळून पाहायचं, मग विचारायचं. आईनं हे आम्हाला धपाटे घालून शिकवलं होतं.

"राखण मी करतो," भाऊ म्हणाला.

"वा रे राखणदार!" मी म्हटलं, पण टोपली घेऊन वाकले. सात-साडेसात वाजले होते, लख्ख ऊन होतं. त्याची हौस होती, होऊ द्यावी.

फुलं रात्रभर गळून खाली पिवळा सडा पडला होता. वास असा की डोकं जड व्हावं. वेचताना किती वेळ गेला कळलं नाही. एवढंच कळलं की मघापासून ओरडणारी पाखरं गप्प झाली आहेत आणि फक्त फुलं पडल्याचा आवाज येतो आहे.

"बाई," भाऊ म्हणाला, "पळसाखाली एक बाई बसली आहे. पिवळं लुगडं."

"नाई," मी म्हटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी वाकलेलीच होते.

"पाह्य ना नीट."

"नाई म्हणलं ना भाऊ! डॉक्टरनं सांगितली तसली बाई आहे ते."

त्यानं मान तिरकी करून कान दिला. मग अगदी हळू म्हणाला, "देवळातल्या बायाहीचं काई वाजत नोतं. हे हलली का पाला वाजते."

माय वं! मी उठले, वळले. पळसाखाली कोणी नव्हतं. वारा अजिबात नव्हता आणि पळसामागच्या झुडपाची एकच फांदी हलत होती. वर झाडावर वानर खॅक करून ओरडलं, मग दुसरं. भाऊ चाचपडत आला आणि माझ्यापुढे उभा राहिला. त्याला धड दिसत नव्हतं, तरी पुढे तोच. पाठ न दाखवता आम्ही मागे सरकत गेलो. मोठ्यानं बोलत राहावं लागतं, पण माझी तर दातखिळी बसली होती. मग त्यानंच मळ्यातलं पाठ भाषण सुरू केलं, भसाड्या आवाजात, त्या झुडपाकडे तोंड करून: "पाहुणेहो, पेला तिरका धरा, आधी रंग पाहा, मग वास घ्या, घाई करू नका." डांबरी रस्ता येईपर्यंत ते चाललं होतं.

दुपारी जंगलखात्याच्या गार्डसाहेबांबरोबर मी परत गेले. पळसाखाली बसल्याची जागा होती आणि तिथून माझ्या टोपलीकडे उमटत आलेले पंजे. शेवटचा पंजा टोपलीपासून आठ पावलांवर. गार्डसाहेबांनी मला मनसोक्त झापलं आणि मी ऐकून घेतलं.

घरी येऊन भाऊला सांगितलं, "होता. तू खरं पाह्यलं."

त्याचा चेहरा खुलला, पण पळभरच. मग विचारलं, "मंग तू पाहून नाई म्हणली का न पाहता?"

इथं तरी खोटं बोलायला हवं होतं. नाही जमलं. "न पाहता," मी म्हटलं.

तो आणखी चार दिवस राहिला. मी त्याला घाटावर नेलं, आठवडी बाजारात नेलं. त्यानं एकदाही विचारलं नाही. मीच आपली सांगत होते, नदी आहे भाऊ, डोंगा आहे. तो म्हणायचा, हं.

दिवाळीपर्यंत सगळाच अंधार झाला. आता फोनवर बोलतो. परवा सांगत होता, खोलीच्या दाराशी रोज कोणीतरी येऊन बसतं, उठतच नाही. आवाजात भीती होती. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, मी उद्याच निघते. मी सोता पाहून सांगते, आहे का नाई."

"राहू दे बाई," तो म्हणाला. "तू वळून पाहत नाईस."