इंजिन ऑइलच्या दोन बाटल्या: फुलपाडा, आगाशी, चिंचोटी

लोक चिंचोटीला धबधब्यासाठी जातात. मी गेले ती वापरलेल्या इंजिन ऑइलच्या दोन बाटल्या घेऊन. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये, पण आलीच तर रस्ता, खाणं आणि खर्च सगळं लिहून ठेवते.

झालं असं, की माझा थोरला भाऊ आगाशीला राहतो. त्याची केळीची वाडी आहे आणि माल बाजारात न्यायला एक छोटा पेट्रोल टेम्पो. माझ्या जुन्या गाडीचं आणि त्या टेम्पोचं इंजिन एकाच जातीचं, ऑइलही एकाच ग्रेडचं लागतं. उन्हाळ्यात मी दादाच्या मागे लागले की नामांकित कंपनीचं सिंथेटिक ऑइल कशाला, मॉलवाल्यांचं स्वतःच्या नावाचं घे. ग्रेड तीच, मानांकन तेच, वरचे पैसे नुसते जाहिरातीचे. हो-ना करत तयार झाला. डबे मीच आणले. एक माझ्या गाडीत गेला, दुसरा आगाशीच्या नंदू मेकॅनिककडे टेम्पोसाठी दिला.

माझी गाडी मजेत चालली. टेम्पो अडीच महिन्यांत ठोके द्यायला लागला आणि एका सकाळी केळीचे घड भरलेले असतानाच इंजिन जाम झालं. वहिनीने खापर माझ्यावर फोडलं. दादा बोलला काहीच नाही, फक्त फोन करायचा थांबला. चांगला भांडला असता तर परवडलं असतं. भाऊबीजेच्या आत हे निस्तरायचं, असं मी ठरवलं. ऑइल खरंच वाईट असेल तर माफी मागायची, नसेल तर तसं कागदावर दाखवायचं.

दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. विरार पूर्वेच्या फुलपाड्याहून आठला निघाले. त्याआधी निघा, नाहीतर पूर्वेकडून पश्चिमेला जाणाऱ्या पुलावरच तुमची हौस फिटेल. पुलापलीकडे आगाशीचा रस्ता बरा आहे. बाजारात सुकेळी घेतली. केळी वाळवून पानात बांधलेली असतात, गोडाला गोड आणि डब्यात बरेच दिवस टिकतात. माझ्या गाडीच्या ऑइलची बाटली आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. टेम्पोचं ऑइल नंदूने इंजिन खोलताना काढून ठेवलं होतं. ते मागितल्यावर तो घुटमळला. कशाला तपासता, झालं ते झालं, म्हणाला. पण पंधरा वर्षांची ओळख, नाही म्हणता आलं नाही त्याला. बाटली भरून दिली.

तिथून परत विरार, विरार फाट्यावरून हायवे आणि सरळ दक्षिणेला. चिंचोटी नाक्याच्या अलीकडे कंटेनर असे अंगावर येतात की आरसे मिटून घ्यावेसे वाटतात. नाक्याजवळच्या गाळ्यांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तेल तपासणारी एक छोटी लॅब आहे. फी ऐकून हसू आलं. एका बाटलीच्या तपासणीत ऑइलचा नवा डबा आला असता. तिथल्या बाई म्हणाल्या, घट्टपणा आज दोन तासांत सांगते, बाकी रिपोर्ट मेलवर.

दोन तास मी धबधब्याच्या वाटेवर निम्म्यापर्यंत गेले आणि परत आले. दसरा उलटल्यावर पाणी कमी, वाट कोरडी, माणसं तुरळक. पावसाळ्यात जाणार असाल तर बंदी आहे का ते आधी विचारा. नाक्यावर मिसळ खाल्ली. तिखट होती, बाकी काही नाही.

परत गेले तर बाईंनी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवलेल्या.

"एकाच ब्रँडचं म्हणालात ना? ही तुमच्या गाडीची, उत्तम आहे, अजूनही चालली असती. ही टेम्पोची बाटली वेगळीच आहे. हे सिंथेटिक नाहीच. पातळ, हलकं काहीतरी आहे."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

आगाशीपर्यंतचा परतीचा रस्ता कसा होता ते मला सांगता येणार नाही, कारण मी रागात होते. नंदूने माझा डबा विकला आणि दादाच्या टेम्पोत कचरा ओतला, एवढंच डोक्यात. गॅरेजमध्ये शिरून सरळ तसंच बोलले.

नंदूने फळीवरून एक डबा काढून माझ्यासमोर ठेवला. मॉलचाच होता. सील शाबूत.

"मी टाकलाच नाही, ताई. दादाच्या गाडीत मॉलचं ऑइल ओतायला माझा हात होईना. तुमचं मन मोडू नये म्हणून बोललो नाही. माझ्या पैशाने कंपनीचं आणून टाकलं."

तेही दाखवलं. नामांकित कंपनीचा डबा, झाकण, स्टिकर, सगळं जिथल्या तिथे. आणलं कुठून, तर दर महिन्याला स्कूटरवर माल घेऊन येणाऱ्या एका एजंटकडून, थोडं स्वस्तात, बिलाशिवाय. मी डबा हातात घेतला. झाकणाखालच्या कडेला जुन्या काळ्या तेलाचा वाळलेला थर होता. नवीन डब्याला तो असायचं कारण नाही. नंदूने बोट फिरवून पाहिलं आणि स्टुलावर बसला.

मग हळूहळू बोलला. मोठ्या कंपनीचे रिकामे डबे तो कधी फोडत नाही. भंगारवाला झाकणासकट डब्याला जास्त देतो. सगळीच गॅरेजं देतात.

"माझेच डबे भरून मला विकले असतील, ताई."

मॉलच्या डब्याला भंगारवाला हात लावत नाही, कारण त्या नावाची नक्कल करून कोण खपवणार?

मला त्याची कीव आली आणि चीडही आली, दोन्ही एकदम. म्हटलं, दादाला मी सांगू? नको म्हणाला. शर्ट बदलून स्वतः माझ्याबरोबर वाडीवर आला. ऊन कलत होतं, दादा केळीला टेकू लावत होता. नंदूने काहीही न लपवता सांगितलं, इंजिन फुकट बांधून देतो म्हणाला. दादाने टेकू नीट बसवला, हात पुसले आणि पार्ट्सचे पैसे मी देईन, एवढंच बोलला. मग माझ्याकडे वळला.

"हे तू येऊन सांगितलं असतंस तर मी मानलं नसतं."

खरं बोलला. मला ते लागलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

घरी आल्यावर चार दिवसांनी रिपोर्ट आला. मॉलचं ऑइल पास. कंपनीच्या खऱ्या ऑइलशी तुलना मात्र झालीच नाही, कारण ते या गोष्टीत कुठे नव्हतंच. तेव्हा कुठलं चांगलं असं विचारू नका. कुठलंही घ्या, बिल घ्या आणि रिकामा डबा स्क्रू-ड्रायव्हरने फोडा. दादाला मी रिपोर्ट पाठवला नाही. पाठवून काय होणार होतं?

इंजिन बांधून व्हायला दोन आठवडे लागले. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी दादाचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही.

"उद्या येताना तुझं ते मॉलचं ऑइल घेऊन ये. नंदूला सांगितलंय, तू आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही."