मामांचा तास

माझ्या बायकोच्या मामांकडे जाऊन तुम्ही त्यांची किडनी मागा, ते 'डावी देऊ की उजवी' एवढंच विचारतील. पण त्यांचा तास मागू नका. डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत त्यांनी उभी हयात चित्रकला शिकवली. आता मराठी शाळेत चार वर्षं काढलेल्या कुणालाही सांगायला नको की चित्रकलेचा तास ही धर्मशाळा असते. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर दारात उभे राहतात, 'पोर्शन राहिलाय हो, तुमचा तास देता का?' म्हणतात, आणि चित्रकलेचे सर हात झटकून चहा प्यायला जातात. जगाची ही रीत आहे आणि मामांनी ती कधी मानली नाही. एकदा गणिताचे सर असेच दारात आले तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "माझाही पोर्शन राहिलाय. हिरव्यात पिवळा किती घालायचा, ते पोरांना अजून कळलेलं नाही." एवढ्यावर थांबले असते तर ते मामा कसले. दुसऱ्या दिवशी ऐन भूमितीच्या तासाला ते स्वतःच गणिताच्या वर्गाच्या दारात जाऊन उभे राहिले. "सर, तास देता का? पोरांचं आकाश राहिलंय." शेवटी हेडमास्तरांनी समेट घडवला. समेट असा की मामांचा तास शनिवारी शेवटचा ठेवला, म्हणजे तो मागायची कुणाला इच्छाच होऊ नये. मामांनी तो विजय मानला.

निवृत्तीनंतर माणूस निवळतो असं म्हणतात. मामा आणखी घट्ट झाले. कुणी कौतुकानं जरी म्हणालं, "मुलाचा हात चांगलाय हो चित्रकलेत, पण अभ्यासात जरा…", की मामा ताट बाजूला सारून उठलेच. आमच्याच एका नातेवाइकाच्या मुंजीत ते असे जिलबी टाकून उठले, आणि मामी मागून "अहो, निदान मठ्ठा तरी प्या" म्हणत धावल्या. मी विचारलं, त्या बिचाऱ्याचं चुकलं तरी काय? तर म्हणाले, "जावईबापू, माझा त्या 'पण'ला आक्षेप आहे." त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांच्यासमोर 'पण' हा शब्द सगळेच जपून वापरतात.

अशा माणसानं सदुसष्टाव्या वर्षी फ्रेंच शिकायला घ्यावं, याचं सगळ्यांना आश्चर्य वाटलं. कारण विचाराल तर साधं होतं. त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारी नववीतली मुलगी जिन्यात बसून फ्रेंचचा धडा घोकत होती. धडा होता शाळेतल्या विषयांचा, आणि त्यात एका फ्रेंच शाळेचं वेळापत्रक छापलेलं होतं. मामांनी चष्मा वर करून पाहिलं, मुलीनं अर्थ सांगितला. मंगळवार, पहिला तास, चित्रकला. खाली दुसरा तास, गणित. मामा म्हणे तिथेच पायरीवर बसले. मला फोनवर सांगताना त्यांचा आवाज चढला होता. "चित्रकला आधी, गणित नंतर. आणि दोन्ही एकाच मापाच्या अक्षरात." मी म्हटलं, मामा, ते पाठ्यपुस्तक आहे, खऱ्या शाळेत तिथेही तास जातच असेल. "जाऊ दे की," ते म्हणाले. "छापलाय ना?"

आठवड्याच्या आत त्यांनी क्लास लावला. क्लासला बाकी सगळी नववी-दहावीची पोरं, फ्रेंच स्कोअरिंग आहे म्हणून आलेली. शिकवायला कळव्याहून येणारी पंचविशीची मुलगी. तिनं पहिल्या दिवशी 'अंकल' म्हटलं तेव्हा मामा उभे राहून म्हणाले, "मॅडम, मी इथे विद्यार्थी आहे. चुकलो तर उभं करा, पण अंकल करू नका." (हा 'पण' मात्र त्यांना चालला.) मुलगी मनानं चांगली होती, फक्त तिलाही पोर्शन होता. परीक्षा तोंडावर आली तशी ती एके दिवशी म्हणाली, "विषयांचा धडा सोप्पाय, घरी वाचा, आपण डायरेक्ट व्याकरण करू." शेवटच्या बाकावरून मामा उठले. "मॅडम, तास काढून घेताय?" तिला काही कळेना. मग पुढची दहा मिनिटं मामांनी तिला चित्रकलेच्या तासाचा इतिहास ऐकवला असावा, कारण त्या दिवशी व्याकरण झालं नाही, विषयांचाच धडा झाला.

तो धडाही सरळ झाला नाही. प्रत्येकानं उभं राहून आपला आवडता विषय फ्रेंचमध्ये सांगायचा होता. पहिला म्हणाला गणित, दुसरा गणित, तिसरीही गणितच, कारण तो शब्द सगळ्यांत सोपा. मामा पुढच्या बाकावरच्या पोराकडे वाकले. "खरं सांगतोयस?" पोरगा म्हणाला, "नाय सर, पण बोलायला इझी आहे ना." मामांनी जाहीर केलं की खोटं बोलायचं असेल तर ते मातृभाषेत बोलावं, त्यासाठी क्लास लावायची गरज नाही. मग पोरांनाही चेव आला. एकाला पीटी आवडत होती, एकीला शिवण, एकाला फक्त मधली सुट्टी. मॅडमचं शब्द पुरवता पुरवता कंबरडं मोडलं. कार्यानुभवाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात हे तिला अजून सापडलेलं नाही.

तोंडी परीक्षेसाठी तिनं मामांना मनापासून सल्ला दिला. "सर, एक्झॅमला गणितच बोला. सेफ आहे. चित्रकला बोललात तर ते विचारतात, का? मग अडकाल." मामा म्हणाले, "चित्रकलेची पेन्शन खातो आणि गणिताचं गाऊ होय?" पण घरी येताना तो 'का' त्यांच्या डोक्यात शिरला. मग दर रविवारी ते बाळकुमला आमच्याकडे येऊ लागले. मला परीक्षक केलं. प्रश्न देवनागरीत लिहून दिले होते. मी ते अर्थ न कळता वाचायचे आणि त्यांनी खुर्चीच्या टोकावर बसून उत्तरं द्यायची. नाव, गाव, मुलं, आवडता विषय. "ल देसँ," ते म्हणायचे, म्हणजे चित्रकला, आणि मान ताठ करायचे. त्यापुढे कागदावर लिहिलं होतं, 'पुरक्वा?' म्हणजे का. मी तो वाचायला गेलो की ते हात वर करायचे. "तो नाही. तो परीक्षेतला आहे. आत्ताच विचारलात तर शिळा होईल."

एकदा मी विचारलं, एवढं काय आहे त्या 'का'मध्ये? मामा चहाच्या कपाकडे बघत म्हणाले, "जावईबापू, तास कधी देताय, हे मला सगळ्यांनी विचारलं. चित्रकलाच का, असं एकानं विचारलं नाही. परीक्षा घेणारी बाई विचारणार. ऐकून घेणं तिच्या नोकरीतच आहे."

परीक्षा ठाण्यात होती. मी त्यांना स्कूटरवरून नेलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन्सिल. मी बाहेर थांबलो. ते आत गेले आणि माझ्या अंदाजापेक्षा फारच लवकर बाहेर आले. आम्ही तलावपाळीला आलो आणि तळ्याकाठी एका बाकावर बसलो.

"विचारला?" मी म्हटलं.

"विषय विचारला. मी सांगितला. म्हणाली त्रे बियँ, म्हणजे छान, आणि गेली नाश्त्यावर."

"नाश्त्यावर?"

"सकाळी काय खाता, असं. उशीर झाला होता, बाहेर रांग होती. पोर्शन होता तिलाही."

मला त्या परीक्षक बाईंचा राग आला. त्यांची काही चूक नव्हती, तरी आला. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"म्हटलं, पोहे. पिवळे. त्यात हिरवी मिरची, वर पांढरं खोबरं, बाजूला लिंबाची फोड. तिनं थांबवलं तरी फोड पुरी केली. जेवढं चित्र बसवता आलं तेवढं बसवलं. तास असा सोडतो की काय मी."

ते हसले, मीही हसलो. मग ते तळ्याकडे बघत बसले, आणि खिशातली पेन्सिल त्यांनी उगाचच काढून पुन्हा आत ठेवली. मला फ्रेंच येत नाही. येतात ते त्यांनीच लिहून दिलेले प्रश्न. परीक्षक खुर्चीत बसतात तसा मी बाकावर सरळ बसलो आणि विचारलं, "पुरक्वा?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. घसा साफ केला आणि हळूहळू, एकेक शब्द जागेवर ठेवत, ते बोलू लागले. चार-पाच वाक्यं असतील. रविवारांच्या पुण्याईनं मला त्यातले थोडे शब्द कळले. त्यात मुलं होती, शनिवार होता, आणि बघणं होतं. बाकीचं काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. नंतर एकदा अर्थ विचारला तर म्हणाले, "शिका की मग."

ते थांबले तेव्हा मला एवढंच सुचलं. म्हटलं, "त्रे बियँ."

"तसं नाही," मामा म्हणाले. "घाई करू नका. परत विचारा."

मी परत विचारलं.