भाऊंचा साक्षीदार

लढाईत मी एकही गोळी झाडली नाही. माझ्यावरही कुणी झाडली नाही. तरी अठ्ठेचाळीस सालच्या दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागातल्या बऱ्याच गावांनी मला हार घातले, कारण मी एका लढवय्याचा साक्षीदार होतो. काम सोपं होतं. भाऊंनी सभेत आपली हकिगत सांगायची, शेवटी माझ्याकडं हात करून "विचारा या मास्तरांना" म्हणायचं, आणि मी मान हलवायची.

भाऊ म्हणजे आमचे पुढारी. हिंगोलीजवळच्या खात्यापित्या घरचे, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, आवाज असा की शेवटच्या रांगेतला बहिराही हलावा. मी खेड्यातला शाळामास्तर, स्वतः उर्दूत शिकलेला आणि पोरांना मराठीत शिकवणारा. निजामाच्या अमदानीच्या शेवटच्या वर्षी आम्ही दोघं पैनगंगा उतरून पलीकडं वऱ्हाडात गेलो. तिथं सरहद्दीवर आमच्या लोकांचा कॅम्प होता. कॅम्पात दोन बंदुका होत्या, त्यांतली एक चालायची, आणि ती आम्हाला कुणी हातात देत नसे. आमच्याकडं छापील पत्रकं होती. नदी उतरून इकडच्या गावांत ती वाटायची आणि गुपचूप परत जायचं. धोका नव्हता असं नाही. सापडलो असतो तर चामडी लोळवली असती.

भाऊंची खरी हकिगत आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढची गोडी कळेल.

श्रावणातल्या एका फेरीत भाऊ कुठल्यातरी डबक्यातलं पाणी प्याले आणि त्यांना हगवण लागली. नदीकाठच्या एका गावाशी पोचलो तेव्हा त्यांना उभं राहवेना. गावाच्या कडेला पहिलंच घर मन्याराचं होतं. मन्यार म्हणजे मुसलमान बांगडीवाला. तो आमच्या गावालाही यायचा. माझ्या बायकोचा लग्नाचा चुडा त्याच्या बायकोनं भरलेला. बांगड्या भरून झाल्या की आमच्याकडच्या बाया भरणाऱ्याला वाकून नमस्कार करतात, मग तो कोणत्याही जातीचा असो. मी दार वाजवलं. त्यानं माझं तोंड बघितलं, भाऊंचं धोतर बघितलं, आणि काही न विचारता आत घेतलं.

दुपारी निजामाच्या बाजूचे ते लोक आले. त्यांचं नाव घ्यायची आमच्या घरात आजही पद्धत नाही. खाकी कपडे, खांद्याला बंदुका. दोन अनोळखी माणसं गावात शिरल्याचं त्यांना कळलं होतं. मन्यारणीनं तोवर दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचला होता, घरात आजार आहे याची खूण म्हणून. मन्यार उंबऱ्यात उभा राहिला आणि अदबीनं म्हणाला, "अंदर हैजा है, साब. आना है तो आइए." हैजा म्हणजे पटकी. नेमक्या त्याच वेळी आतून भाऊंचा जो आवाज आला, त्यानंतर संशयाला जागा उरली नाही. ते लोक नाकाला रुमाल लावून निघून गेले. भाऊंनी शत्रूला पळवलं ते त्या एकाच दिवशी, आणि तेही आडवं पडून.

पुढं तीन दिवस मन्यारणीनं त्यांना डाळिंबाच्या सालीचा काढा पाजला, त्यांचे कपडे धुतले. चौथ्या दिवशी भाऊ उठून बसले आणि हात जोडून म्हणाले, "भाबी, जल्मभर इसरणार न्हाई." ते विसरले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूनं म्हणेन. विसरलेल्या माणसाला एखादी गोष्ट इतक्या काळजीनं टाळता येत नाही.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, चार-पाच दिवसांत निजामी संपली, आणि गावोगाव सभा सुरू झाल्या. पहिली मोठी सभा सेनगावात. तिथं हगवण सांगणं शोभलं नसतं, हे मलाही पटत होतं. भाऊंनी तिची गोळी केली; मांडीला चाटून गेली म्हणाले. मी मान हलवली. म्हटलं, रोग काय नि गोळी काय, माणूस आडवा पडला होता एवढं तर खरं.

गोरेगावला कापूस पिकवणाऱ्यांची गर्दी जमली होती. भाऊंनी बसल्याबसल्या मला हळूच विचारलं, "इकडं काय पिकतं वो, मास्तर?" मी भोळेपणानं "कापूस" म्हणून सांगितलं. अर्ध्या तासानं भाऊ कापसाच्या ढिगात लपलेले होते, वरून संगिनी खुपसल्या जात होत्या, आणि गोरेगावचा पांढरा कापूस त्यांच्या रक्तानं लाल होत होता. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "भाऊ, श्रावणात कापूस कोणाच्या घरी व्हता?"

"आजोबा," भाऊ म्हणाले, "ज्यानं देशासाठी राखून ठेवला, त्याच्या घरी."

त्या म्हाताऱ्याला सोडून सगळी सभा उठून उभी राहिली. मग माझ्याकडं हात झाला. मी म्हाताऱ्याची नजर चुकवून मान हलवली.

मेंढपाळांच्या एका वस्तीवर भाऊ घोंगडी पांघरून मेंढरांच्या कळपात चार पायांवर चालले. आखाडा बाळापुरात बाजाराचा दिवस होता, म्हणून मिरच्यांच्या पोत्यांखाली झोपले, आणि शिंक कशी दाबली ते इतकं रंगवून सांगितलं की पुढच्या रांगेतल्या दोघांना शिंका आल्या. जिथं जावं तिथलंच गाव भाऊंना वाचवायचं. कुणाला विन्मुख परत पाठवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

माझ्या बायकोला हे पसंत नव्हतं. "दारी नंदीबैल येतो, त्याला सूपभर जवारी तरी मिळते," ती म्हणायची. "तुमाला काय मिळून राहिलं?"

मला हार मिळत होते. शिवाय खोटं कशाला बोलू, मजा येत होती. खेड्यातल्या मास्तरला एरवी कोण विचारतो? हजार माणसं आपल्या मानेकडं डोळे लावून बसतात, याची चटक वाईट. कुणाचं काही जात तर नाही, अशी मी मनाची समजूत घालत असे.

मग कार्तिकात एके दिवशी मन्यार माझ्या दारी आला. खांद्याला बांगड्यांची पेटी नव्हती.

तोवर भीती आमच्या दारी बसलेली असायची. फौज आली आणि ती उठून त्याच्या दारी जाऊन बसली. त्या महिन्यांत कुठं कुठं काय झालं ते मी ऐकलं आहे, थोडं पाहिलंही आहे. ज्यांचा काडीचा गुन्हा नव्हता त्यांनीही ते भोगलं. मन्याराच्या गावात कुणीतरी पिल्लू सोडलं होतं की खाकीवाल्यांना बातम्या हाच पुरवायचा. गावोगाव हिंडतो, घराघरांत शिरतो, दुसरा कोण असणार? बांगड्या विकायच्या तर आणखी काय करावं, हे कुणी विचारलं नाही. रस्त्यात गाठून दोघा-तिघांनी त्याची पेटी फोडली होती. जिवाचाही भरवसा उरला नव्हता. शेवटी पाटलानं त्याला सांगितलं होतं, "भाऊची सभा हाय आपल्या गावात. त्यायनं चार लोकांत तुजं नाव घेतलं तर राहा बिनघोर. न्हाई तर गाव सोड, मी जिम्मेदार न्हाई."

"दोनच बोल पाहिजेत, मास्तर," मन्यार म्हणाला. "हगवणीचं सांगू नका. फकस्त माज्या घरात व्हते, येवढंच."

मी त्याला शब्द दिला आणि भाऊंना गाठलं. भाऊ लगेच कबूल झाले. "आवो, सांगतो की. त्या माउलीच्या हातचा काढा नसता तर आज मी असतो का?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं नव्हतं. भाऊंचं रडू कधीच खोटं नसे, हीच त्यांची अडचण होती.

सभा चावडीपुढं भरली. मन्यार धुतलेला सदरा घालून मागं लिंबाखाली उभा होता, त्याची बायको दोन पोरांना घेऊन बायांच्या कडेला बसली होती. पाटील भाऊंच्या शेजारी. या पाटलानं पावसाळ्यात त्याच खाकीवाल्यांना आपल्या ओसरीवर कोंबडी खाऊ घातली होती. गावाला ते ठाऊक होतं, आणि गावाला ठाऊक आहे हे पाटलाला ठाऊक होतं. घाबरून केलं बिचाऱ्यानं, मीही केलं असतं. पण त्यामुळं त्या दिवशी त्यालाही एका चांगल्या हकिगतीची गरज होती. आणि पुढंमागं मतं मागायची वेळ येणार, तेव्हा पाटील लागतील, हे भाऊंना आम्हा सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

सुरुवात तर छान झाली. "ह्याच गावातल्या एका घरानं मला पदराखाली घेतलं," भाऊ म्हणाले. मन्यार दोन पावलं पुढं आला. मी ते पाहिलं, भाऊंनीही पाहिलं. मग त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली. कुठल्या नावाला टाळी पडेल आणि कुठल्या नावाला सभा गप्प होईल, हे त्यांना नाव घेण्याआधीच कळे.

"दारात खाकीवाले उभे," ते म्हणाले, "आणि उंबऱ्यात छाती काढून उभा राहिला, तो या गावचा पाटील."

पाटलाचं तोंड बघण्यासारखं झालं. आधी तो दचकला. मग दुसरा कुणी पाटील मागं बसला आहे का, असं वळून पाहिलं. मग हळूहळू त्याची पाठ ताठ झाली, आणि टाळ्या संपेपर्यंत त्याला सगळं आठवलेलं दिसलं. एरवी मी हसलो असतो. पण भाऊंचा हात माझ्याकडं वळला होता.

"विचारा या मास्तरांना."

मन्यार माझ्याकडं बघत होता. शब्द मी दिला होता. मला उठून बोलता आलं असतं. कुणी मारलं नसतं, फार तर हार मिळाला नसता. मी मान हलवली. सवयीनं हलली, असं मी पुढं बरीच वर्षं लोकांना सांगितलं. ती सवयीनं हलली नव्हती. साऱ्या सभेच्या विरुद्ध एकट्यानं उभं राहायला मी भ्यालो होतो. मागं लिंबाखाली मन्यारही टाळ्या वाजवत होता. न वाजवणारा तो एकटाच दिसला असता.

परतताना बैलगाडीत भाऊ म्हणाले, "पाटील हातचा गेला असता, मास्तर. मन्याराचं बघू मागून."

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून सात मैल चालत पाटलाकडं गेलो आणि सगळं सांगितलं, हगवणीसकट. पाटील सुपारी कातरत ऐकत होता.

"आसल खरं," तो म्हणाला. "मी काय तिथं नव्हतो. पण मास्तर, काल साऱ्या गावापुढं तुमी मान हलवली, आन आज माज्या वसरीवर न्हाई म्हणून राहिले. गाव म्हणल, मास्तर कवा खरं बोलला? म्या काय सांगू?"

मी म्हटलं, चावडीपुढं पुन्हा माणसं जमवा, मी सगळ्यांसमोर सांगतो.

पाटलानं अडकित्ता खाली ठेवला. "हार मीबी घेतलाय ना, मास्तर," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थोडी शरमच होती. "आता त्यो परत कसा करू?"

आठ दिवसांत मन्यारानं घर मोडलं. हिंगोलीच्या स्टेशनावर मी गेलो, मला कुणी बोलावलं नव्हतं. त्याचा साडू हैदराबादेत होता, तिकडं निघाले होते. दोन बोचकी, एक कंदील, दोन पोरं. पेटी नव्हती. शिव्या ऐकून घ्यायची माझी तयारी होती. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "तुमी मान हलवली तवा दोन घडी मलाबी वाटलं, पाटीलच व्हते का काय."

मी त्याचे हात धरले. हजारो हातांत बांगड्या चढवलेला तो मऊ हात होता, आणि मला फार लाज वाटली.

गाडी यायची होती. थोड्या वेळानं तो म्हणाला, "तितं लोक इचारतील, बापजाद्याचं गाव काहून सोडलं. काय सांगावं, मास्तर?"

मग त्याचं त्यानंच ठरवलं.

"धंदा बसला म्हून सांगीन. काचंच्या बांगड्या आता कोण भरतं, आसं म्हणीन. ज्या गावचं खाल्लं त्याला परक्या मुलखात जाऊन नाव काहून ठेवायचं?"

बोचक्यावर बसलेल्या त्याच्या बायकोनं ते ऐकलं. मोठ्या पोराच्या सदऱ्याची गुंडी लावता लावता ती त्याला हळूच म्हणाली, "सुना ना? कोई पुछे तो ऐसाच बोलना."