गाणं बंद, टाळ्या चालू

आमच्या नाशिकरोडच्या वसाहतीत कलाबाईसारखं गाणारं दुसरं कुणी नव्हतं. मी सुलाबाई, तिच्या मागं कोरसला. तिनं भीमगीत उचललं की ढोलकीवाल्याला घाम फुटायचा. आता अशी बाई राजकारणाच्या नजरेतून सुटते होय?

सत्त्याण्णव साली वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि पक्षाचे रवीभाऊ तिच्या दारात हजर. तोवर त्यांना ते दार कधी सापडलंच नव्हतं, बिचाऱ्यांना. "ताई, तुमच्या आवाजावर मतं पडतील!" पडलीच, धो धो. ती निवडून आली, तसे भाऊ म्हणाले, "आता गाणंबिणं बंद. नगरसेविकेला शोभत नाही." घ्या! ज्या गळ्यावर निवडून आणलं, तोच ह्यांच्या डोळ्यात सलायला लागला.

मग काय विचारता! नवरा भिमाजी सफारी शिवून 'साहेब' झाला. लोकांशी बोलायचं त्यानं, सही तेवढी हिची. हिला कामं मात्र भारी होती. कविसंमेलनाचं दीपप्रज्वलन करा, चित्रप्रदर्शनाची फीत कापा, 'स्त्री आणि परिवर्तन' असल्या परिसंवादात मधल्या खुर्चीवर बसा. परिवर्तनावर सगळे पुरुष तास तास बोलायचे. ही पाणी प्यायची.

"सुले, मी नुसत्या टाळ्या वाजवते गं," म्हणायची. माझ्या जिवाला लय लागायचं.

पुढच्या निवडणुकीत वॉर्ड खुला झाला, तिकीट भाऊंच्या भाच्याला. भिमाजीचं तोंड उतरलं, मला पेढे वाटावेसे वाटले. कलाबाई म्हणाली, "सुटले बाई! यंदा जयंतीला मी गाणार." रोज पहाटे उठून रियाज करायला लागली.

जयंतीला निवेदक होता ओम, वसाहतीत नवीनच आलेला. 'माजी नगरसेविका मॅडम' म्हणत त्यानं तिला शाल घातली आणि पाहुण्यांच्या रांगेत बसवलं.

"मला गायचंय," ती म्हणाली.

"मॅडम पण ना, थट्टा करतात!" तो हसला आणि टेप लावला. कर्ण्यातून आवाज घुमला. आमच्या गायन पार्टीची जुनी कॅसेट, कलाबाईचाच आवाज!

"अरे, हे तर माझं..."

ओमनं ओठांवर बोट ठेवलं. "मॅडम, हळू. गाणं चालू आहे. असा गळा आता राहिला नाही."

मेल्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली मला. कलाबाई उठली, टेप बंद केला, त्याच्या हातातला माइक घेतला.

"राहिलाय," ती म्हणाली. "हो बाजूला."